काचेच्या दारापर्यंत

आत बसल्यावर कळलं,
ही सीट नाही, जमीनच आहे,
फक्त चामड्याची.
छप्पन वर्षांचे गुडघे इतके खाली
सत्यनारायणालाही गेले नव्हते.
दार ओढलं तर आवाज आला, धप्प,
रव्याच्या पोत्यावर मांजरानं उडी मारावी तसा,
आणि अख्खा एबी रोड बाहेर राहिला
हॉर्नसकट.

मी स्टिअरिंग धरलं.
खरं सांगते, सोडवेना.

नकुल छाजेड, पंचविशीचा, अत्तर लावलेला,
खिडकीशी वाकून म्हणाला,
"मॅडम, आपको सूट करती है."
साड्यांच्या दुकानातही हेच म्हणतात.
तिथे निदान आरसा असतो.

मग टेबल, पाण्याची बाटली, फॉर्म.
मंदाकिनी किरकिरे लिहिताना
त्याचं पेन 'किर'वर दोनदा अडलं.
आकड्यांवर कुठेच अडलं नाही.
पाटीवर चौऱ्याऐंशी लाख. त्यावर टॅक्स.
त्यावर विमा, जो इथूनच घ्यायचा.
हँडलिंगचे दीड
(हाताळली कुणी? मीच तर, आत्ता.)
टेफ्लॉनचे एक लाख दहा.
चटयांचे चाळीस हजार.
चटया! पायपुसणी!
आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, लाजत लाजत,
सहा लाख : तात्काळ.
एक कोटी साडेनऊ लाख, भिया,
आणि तो म्हणतो, रतलामची पार्टी उद्या येतेय,
पिवळा रंग एकच उरलाय.

रतलामच्या पार्टीला मी ओळखते.
एकोणतीस वर्षं लॅब चालवली,
'रिपोर्ट आजच हवा असल्यास दोनशे जादा'
हे मीच लिहून घेतलं होतं काउंटरवर,
बारीक अक्षरात.

लॅब विकली. पैसे आहेत.
प्रश्न पैशांचा नाही, असं म्हणता आलं असतं
तर किती बरं दिसलं असतं.
प्रश्न पैशांचाच आहे.
आणि थोडा असा, की पलासियाच्या सिग्नलला
शेजारच्या स्कूटीवरचं पोरगं
आत वाकून बघेल हिरो कोण ते,
आणि दिसेन मी, बायफोकलमधून
आरपीएमचा काटा शोधत.

पण पहाटे पाचला.
बायपासवर. एकदाच.
मागे कोणी नाही, शेजारी कोणी नाही,
फ्रीजमध्ये कुणाचंही रक्त नाही.

सीतलामाता बाजारात कमलआत्यानं शिकवलं होतं :
भाव ऐकला की पाठ फिरवायची.
सात पावलं. सावकाश, पण सोंग नको.
सातव्याच्या आत हाक आली तर भाव आपला.
नाही आली, तर साडी त्याला लखलाभ.
मान मात्र वळवायची नाही, मंदे,
मान वळली की तो पाचशेनं चढतो.

सात पावलं मी आणखी एकदा चालले होते,
तांदळाच्या ढिगांवरून.
तेव्हा कुणी हाक मारली नाही.
मारायला हवी होती.

उठले. त्याचं पेन त्याला परत दिलं.
एक. दोन.
फरशीत ती उलटी दिसत होती,
पोहे सांडल्यासारखी, पिवळीधम्मक.
तीन. आत एसी, तरी घाम.
चार. पाच.
मागे खुर्ची सरकली.
"मॅडम!"
सहाव्यावर. आत्या, सहाव्यावर!
"मॅडम, चटया फ्री कर देंगे."

मी उभी. पाय हवेत नाही, जमिनीवरही नाही.
काचेचं दार, ज्याला यातलं काही ठाऊक नाही,
माझ्यासाठी आपोआप उघडलं.

बाहेर ऊन, धूळ, कुठेतरी तळणीचा वास.
माझी अल्टो तापून बसलेली.
तिचं दार दोनदा ओढावं लागतं,
आवाज पत्र्याच्या डब्याचा.

मान वळली.
थोडीशीच,
पर्समधली किल्ली शोधायच्या निमित्तानं.